अनुभव आणि शास्त्रवचन
(आंबोली येथील धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशीं बोलावयास उभें राहणाऱ्यानें जुन्या दिवसांची आठवण काढावी, देणगीदारांचे आभार मानावे आणि पंगतीची वेळ होण्यापूर्वीं खालीं बसावें, अशी आपल्याकडे चाल आहे. आभाराचें काम चिटणीसांनीं उत्तम रीतीनें केलेंच आहे, आणि जुन्या आठवणी सांगण्यास माझ्याहून वडील माणसें येथें बसलीं आहेत. मी धर्मगुरु नव्हे. मुलांना धर्मशिक्षण देणारा साधा शिक्षक आहें. मला एका प्रश्नाविषयीं बोलण्याची आज्ञा झाली आहे, आणि तो प्रश्न केवळ पंडितांचा असता तर मीं ती विनयानें परत केली असती. पण त्या प्रश्नानें आपल्या कांहीं घरांत भावाभावांचें बोलणें तुटलें आहे, आणि मंदिरांतल्या बांकांवरच्या कांहीं जागा रिकाम्या झाल्या आहेत.

प्रश्न असा: देवानें मला स्वतःला जें दाखविलें, माझ्या अंतःकरणांत जें उमटविलें, तें मोठें, कीं पवित्र शास्त्रांत जें लिहिलें आहे आणि ख्रिस्तसभा जें शिकविते, तें मोठें? एक म्हणतो, "मीं अनुभवलें आहे, मला आतां पुस्तक आणि पाद्री कशाला?" दुसरा म्हणतो, "पुस्तकांत दाखव, नाहीं तर तुझा तो भ्रम." दोघेही अनुभव आणि शास्त्र यांस एकाच सातबाऱ्यावरचे दोन दावेदार समजतात, एकाचें नांव लागलें कीं दुसऱ्याचें कमी झालें! माझें म्हणणें असें कीं, हा दावाच मुळांत चुकीचा दाखल झालेला आहे.

पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आपण काढून पाहा. शिलो येथील मंदिर, रात्रीची वेळ, दीप अजून विझलेला नाहीं. एली याजक वृद्ध झाला आहे. त्याची दृष्टि मंद झाली आहे, आणि त्याचे मुलगे देवाच्या नैवेद्यावर हात मारणारे निघाले आहेत. त्या काळीं देवाचें वचन दुर्मिळ झालें होतें, असें शास्त्रकार मुद्दाम सांगतो. अशा वेळीं शमुवेल नांवाच्या मुलाला कोणीतरी नांवानें हांक मारितो. मुलगा धांवत एलीकडे जातो: "मला बोलाविलेंत?" एली म्हणतो, नाहीं, जा, नीज. असें तीन वेळां होतें, आणि तिसऱ्या वेळीं एलीच्या ध्यानांत येतें कीं मुलाला हांक मारणारा परमेश्वर आहे.

येथें किती विलक्षण गोष्ट घडली आहे, ती पाहा. ज्याला हांक ऐकूं आली, त्याला ती कोणाची हें कळलें नाहीं; ज्याला कळलें, त्याला हांक ऐकूं आलीच नव्हती. अनुभव मुलाचा, ओळख म्हाताऱ्याची. शमुवेल एकटा असता तर सकाळपर्यंत "कोण बोलावतें आहे?" म्हणून फिरत राहिला असता, किंवा उठून बाहेर भलत्याच माणसाच्या दाराशीं गेला असता. एली एकटा असता तर त्या रात्रीं शिलोंत देव बोलला हें कोणालाच कळलें नसतें. मंदिर होतें, याजक होता, कोश होता, आणि शब्द मात्र नव्हता.

आणि कथा येथें संपत नाहीं. देवाचा जो निरोप त्या मुलाला मिळाला, तो एलीच्याच घराण्याच्या शिक्षेचा होता. सकाळ झाली, मुलगा भीतीनें गप्प आहे. एलीनें त्याला बोलावून शपथ घातली कीं कांहीं लपवूं नकोस. मुलानें सर्व सांगितलें. आपल्या विरुद्ध आलेला तो शब्द ऐकून एली काय करितो? त्या पोराला वेडा ठरवीत नाहीं, मंदिरांतून हांकलून देत नाहीं. हा परमेश्वर आहे, त्याला बरें वाटेल तें तो करो, अशा अर्थाचें बोलून तो मान लववितो. बाप म्हणून एली चुकला होता. पण त्याचा कान शेवटपर्यंत शाबूत राहिला. ज्यांच्या हातीं शिकविण्याचा अधिकार आहे, आणि त्यांत माझ्यासारखे शिक्षक व घरोघरचे वडीलही आले, त्यांनीं हा अध्याय वर्षांतून एकदां तरी वाचावा. अनुभव सांगावयास आलेल्या माणसाला आपण तिसऱ्या वेळेपर्यंत ऐकून घेतों का? आणि तो अनुभव आपल्यालाच बोचणारा निघाला, तर?

आतां दुसरें उदाहरण घेतों, तें संत इग्नासियांचें. इ.स. १५२१ मध्यें पांप्लोनाच्या लढाईंत तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय मोडला. अंथरुणांत पडल्या पडल्या मन रमवावें म्हणून त्यांनीं शौर्याच्या कथा मागितल्या. घरांत त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्ताचें चरित्र आणि संतांच्या कथा हातीं आल्या. म्हणजे आरंभ पुस्तकानें झाला. पुढच्या वर्षीं ते मान्रेसा गांवीं राहिले असतां कार्दोनेर नदीच्या कांठीं त्यांना असें कांहीं ज्ञान झालें कीं, आयुष्यभर मिळविलेलें सर्व ज्ञान एका बाजूस ठेविलें तरी तें त्याच्या तोडीस येणार नाहीं, असें त्यांनीं उतारवयांत सांगितलें. एवढेंच नव्हे, श्रद्धेच्या या गोष्टी शास्त्रांत लिहिलेल्या नसत्या, तरी केवळ तेथें जें पाहिलें तेवढ्यावर आपण त्यांच्यासाठीं मरण पत्करलें असतें, असेंही त्यांच्या मनांत वारंवार येई. हें ऐकून एखाद्या शास्त्र्याच्या कपाळाला आठ्या पडतील. पण हें म्हणणारा माणूस ख्रिस्तसभेनें संत ठरविला आहे, आणि त्याचें म्हणणें कोणीं पुसून टाकलेलें नाहीं.

परंतु त्याच मान्रेसाची दुसरी हकीकतही त्यांनींच सांगून ठेविली आहे. दिवसाढवळ्या हवेंत त्यांना एक फार सुंदर वस्तु दिसे, सर्पाच्या आकाराची, डोळ्यांसारख्या अनेक तेजस्वी ठिपक्यांनीं चमकणारी. ती दिसली कीं मनाला मोठें समाधान वाटे. नाहींशी झाली कीं उदास वाटे. असें पुष्कळ दिवस चाललें. मग एके दिवशीं ते क्रूसासमोर गुडघे टेकून बसले असतां ती वस्तु पुन्हां दिसली, आणि त्यांच्या लक्षांत आलें कीं क्रूसाजवळ तिचा नेहमींचा रंग उतरला आहे. तेव्हां ती कोणाकडून येते हें त्यांस कळलें, आणि पुढें ती दिसली तरी ते हातांतल्या काठीनें तिला झिडकारूं लागले. मनाला गोड वाटणें ही खूण पुरेशी नाहीं, हें इतक्या साध्या रीतीनें सांगणारी दुसरी हकीकत मला ठाऊक नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगतों, कारण ती शाळामास्तरला विशेष प्रिय आहे. इग्नासियांना कळलें कीं आत्म्यांची सेवा करावयाची तर शिकलें पाहिजे. वयाची तिशी उलटलेला हा माणूस इ.स. १५२४ मध्यें बार्सेलोना शहरीं लहान मुलांसारखें लॅटिन व्याकरण घोकूं लागला. घोकावयास बसला रे बसला, कीं मनांत नवनवे आध्यात्मिक विचार आणि गोडी दाटून येई, आणि पाठ होईना. प्रार्थनेच्या वेळीं असें कांहीं येत नसे. धड्याच्या वेळींच येई! त्यांनीं ओळखलें कीं हा मोह आहे. ते गुरूंना समुद्रमातेच्या मंदिरांत घेऊन गेले आणि वचन देते झाले कीं, जोंवर या शहरांत भाकरी आणि पाणी मिळतें तोंवर दोन वर्षें मी तुमचा एकही तास चुकविणार नाहीं. त्यानंतर तो त्रास पुन्हां झाला नाहीं. मिस्सेच्या वेळीं बाहेर उभे राहून "मी मनांतच प्रार्थना करितों" म्हणणाऱ्या तरुणांनीं या हकीकतीचा विचार करावा, असें मी सुचवून पुढें जातों.

कोणी म्हणेल, स्पेन दूर आहे. तर आपल्या मराठी मुलखांतलीं, सर्वांना ठाऊक असलेलीं दोन माणसें घेऊं. दोघेही प्रॉटेस्टंट पंथांत होते, आपल्या ख्रिस्तसभेच्या सहभागांत नव्हते. तरी या प्रश्नाशीं ज्या प्रामाणिकपणानें ते झुंजले, तसा मराठी ख्रिस्ती लोकांत दुसरा कोणी झुंजलेला मला दिसत नाहीं.

नारायण वामन टिळक हे कोंकणांतलेच; जन्म इ.स. १८६१, रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं. इ.स. १८९३ मध्यें नागपूरहून राजनांदगांवाकडे जातांना आगगाडींत एका परक्या गोऱ्या गृहस्थानें त्यांना नवा करार वाचावयास दिला. टिळक वाचूं लागले, आणि डोंगरावरील प्रवचनापर्यंत येऊन थबकले. तेथून त्यांचा पाय निघेना. इ.स. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें वीस-बावीस वर्षांनीं, आपणांस ख्रिस्ताचें साक्षात् दर्शन झालें असें ते सांगूं लागले. इ.स. १९१७ मध्यें त्यांनीं मिशनचें काम सोडलें, आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' आरंभिला. त्यांत बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावे अशी त्यांची कल्पना होती. इ.स. १९१९ च्या मे महिन्यांत त्यांचें निधन झालें. दरबार त्यांच्यामागें फार दिवस टिकला नाहीं. टिकलीं तीं त्यांचीं भजनें. आणि ख्रिस्ताच्या चरित्रावरचें तें अपुरें महाकाव्य, जें लक्ष्मीबाईंनीं पुढें पुरें केलें. मी टिळकांच्या दर्शनाला खोटें म्हणत नाहीं. तो अधिकार मला कोणीं दिला? पण जें त्यांच्या एकट्याच्या अनुभवावर उभें होतें तें त्यांच्यामागून गेलें, आणि जें शुभवर्तमानाच्या कथेवर उभें होतें तें राहिलें, एवढें मला दिसतें.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला ती अधिक जवळची वाटते. इ.स. १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या धर्मभगिनींकडे त्या राहत होत्या, त्यांच्याशीं त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. आपल्या देशांतल्या पुरोहितांच्या जुवाखालून मोठ्या कष्टानें मान सोडविली, ती आतां दुसऱ्या पुरोहितांच्या जुवाखालीं घालण्यास त्या तयार नव्हत्या. शास्त्रांत जें आहे तेंच मी मानीन, हा त्यांचा बाणा. पण केवळ शास्त्र मानूनही त्यांचें समाधान झालें नाहीं. सुमारें आठ वर्षांनीं त्यांना उमगलें कीं, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त स्वतः मिळालेला नाहीं. आणि तो शोधतांना त्यांच्या जीवनांत मोठें परिवर्तन झालें. इ.स. १९०५ मध्यें केडगांवच्या मुक्तिसदनांत प्रार्थनेची अशी लाट उठली कीं शेंकडों मुली रडत, पापें कबूल करीत, मोठ्यानें प्रार्थना करीत. तिची वार्ता परदेशांत गेली. अनुभवाचाच झेंडा उभारावयाचा असता, तर रमाबाईंना याहून मोठा खांब कोठें मिळाला असता?

त्यांनीं काय केलें? हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलचें मराठी भाषांतर करावयास बसल्या. खेड्यांतल्या साध्या बाईला समजेल असें मराठी असावें, हा त्यांचा हट्ट होता. अनुभवाच्या लाटेनंतरचीं वर्षें त्यांनीं एकेका शब्दाचा, एकेका मात्रेचा विचार करण्यांत घालविलीं. मुक्तिसदनाच्याच छापखान्यांत मुलींनीं खिळे जुळविले. इ.स. १९२२ च्या एप्रिलांत त्यांचें देहावसान झालें, आणि १९२४ मध्यें तें संपूर्ण बायबल बाहेर पडलें. कोणाही माणसाचें जूं न मानणाऱ्या त्या विदुषीनें हिब्रू व्याकरणाचें जूं आपण होऊन मानेवर घेतलें, तें मरेपर्यंत.

येथें एक कॅथलिक म्हणून मला एक गोष्ट नम्रपणें विचारावीशी वाटते. तें पुस्तक बाईंच्या हातीं कोणीं दिलें? मत्तयाचें शुभवर्तमान घ्यावें आणि त्या काळीं फिरणारीं दुसरीं कित्येक घेऊं नयेत, हें कोणीं ठरविलें? प्रेषितांनीं आधीं तोंडानें सांगितलें, भाकर मोडली, बाप्तिस्मे दिले. लिहिणें त्यानंतर झालें. पुस्तक ख्रिस्तसभेच्या मांडीवर वाढलें आहे. म्हणून एकटा अनुभव जसा पुरत नाहीं, तसा एकटा वाचकही पुरत नाहीं. पेत्राच्या दुसऱ्या पत्रांत हें सुंदर रीतीनें आलें आहे: आपण डोंगरावर प्रभूचें तेज पाहिलें, वाणी ऐकली, असें सांगून लगेच वाचकांना काळोखांतल्या दिव्याप्रमाणें असलेल्या संदेष्ट्यांच्या वचनाकडे तो वळवितो, आणि त्या वचनाचा अर्थ ज्यानें त्यानें आपल्या मर्जीनें लावावयाचा नाहीं असें बजावितो. ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें, तो हें सांगतो आहे!

आपले पूर्वज घाटाखालीं गोव्याकडून आले, तेव्हां त्यांच्या हातीं छापील बायबल नव्हतें. शास्त्र त्यांना मिळालें तें कानांवाटे. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय फादर स्टीफन्स यांनीं मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचिलें. सुमारें ११,००० ओव्यांचें तें काव्य इ.स. १६१६ मध्यें छापलें गेलें. तीनच वर्षांनीं, फादर स्टीफन्स यांचें निधन झालें त्याच १६१९ सालीं, जुन्या गोव्यांतील बोआ व्हिस्ताच्या टेंकडीवर उभ्या असलेल्या एका क्रूसावर ख्रिस्त दिसला असें लोकांनीं सांगितलें. ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांनीं चौकशी केली. आज तो क्रूस से कथेड्रलांत आहे, आणि २०२४-२५ च्या प्रदर्शनाच्या वेळीं सायबाच्या दर्शनास गेलेल्यांपैकीं कित्येकांनीं तो पाहिला असेल. मला यांत गंमत अशी वाटते कीं, जें पुस्तक झालें आणि जें दर्शन झालें, दोहोंनाही चौकशींतून जावें लागलें. स्टीफन्स यांच्या ओव्यासुद्धां परवानगीवांचून छापल्या गेल्या नाहींत. लूर्द येथें १८५८ मध्यें बर्नादेत्तला दर्शनें झालीं, तीं तेथील महागुरूंनीं मान्य केलीं ती १८६२ सालीं. तरीही लूर्द, फातिमा किंवा दुसरें कोणतेंही दर्शन मानलें नाहीं म्हणून कोणी कॅथलिक श्रद्धेला मुकत नाहीं. ख्रिस्तांत देवानें जें सांगावयाचें तें सांगितलें, त्यांत नवी भर पडावयाची नाहीं, हें दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें १८ नोव्हेंबर १९६५ च्या आपल्या घोषणापत्रांत पुन्हां स्पष्ट केलें आहे.

एक गोष्ट जातां जातां सांगतों. आपल्यांतले कांहीं लोक अडचणीच्या वेळीं डोळे मिटून बायबल उघडतात, बोट ठेवितात, आणि बोटाखालीं जें आलें तो देवाचा हुकूम मानतात. देवळांत कौल लावण्याची आपल्या शेजाऱ्यांची रीत आहे. तिच्याविषयीं मला कांहीं म्हणावयाचें नाहीं, ती त्यांच्या श्रद्धेची गोष्ट आहे. पण शुभवर्तमान हें कौलाचें पान नव्हे. असें करणारा शास्त्राचा मान राखीत नाहीं. तो आपलीच इच्छा शास्त्राच्या तोंडून वदवून घेतो.

आतां एका बाईंची हकीकत. नांव सांगत नाहीं, आणि कोणीं ओळखण्याचा यत्नही करूं नये. पति वारल्यानंतर एके रात्रीं जपमाळ म्हणत असतां कोणी आपल्या खांद्यावर हात ठेविला, आणि सगळें घर शांततेनें भरून गेलें, असें त्यांना वाटलें. थोरला मुलगा म्हणाला, आई, हाच खरा देव, आतां मंदिराची गरज नाहीं, आमच्या प्रार्थनामंडळांत चल. धाकटा म्हणाला, हें शास्त्रांत नाहीं, झोपेंत असशील. त्या मला विचारूं लागल्या, "मास्तर, मग माझें तें खोटें का?"

मीं त्यांना म्हटलें, खोटें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं, आणि खरें म्हणण्याचाही नाहीं. पण त्या रात्रीनंतर काय झालें तें सांगा. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, बांधावरच्या फणसावरून जावेशीं नऊ वर्षें बोलणें नव्हतें; त्या आठवड्यांत मी तिच्या घरीं गेलें. कां गेलें तें ठाऊक नाहीं, जावेंसें वाटलें. बाईंना वाचतां येत नाहीं. मीं मत्तयाचा पांचवा अध्याय काढून, वेदीशीं अर्पण ठेवून आधीं भावाशीं समेट करण्यास जा असें प्रभूनें सांगितलें आहे, तें त्यांना वाचून दाखविलें. त्या ऐकत राहिल्या, आणि म्हणाल्या, "हें यांत आधींपासून आहे?" त्यांच्या त्या प्रश्नांत मला सगळें उत्तर मिळालें. हात कोणाचा होता तें देव जाणे. पण त्या बाई ज्या वाटेनें चालल्या ती वाट आधीं आंखलेली होती. मीं त्यांना सांगितलें, हें सर्व फादरांना जाऊन सांगा, बाजारांत नको. आणि दोन्ही मुलांना एकदमच सांगा, एकेकट्याला नको.

आंबोलीच्या माणसाला हें पटविण्यास फार बोलावें लागूं नये. आषाढांत घाट चढतांना धुक्यांत समोर उजेड दिसतो. उजेड खराच असतो. डोळ्यांचा भास नसतो. पण तो रस्त्यावरचा, कीं दरीपलीकडच्या कोणत्या घराचा, हें उजेडाकडे पाहून कळत नाहीं. गाडीवान कडेचे पांढरे दगड पाहतो. दगडांना स्वतःचा उजेड नसतो, हें खरें. आणि नुसत्या दगडांकडे पाहून घरीं पोंचण्याची ओढ कोणाला लागत नाहीं, हेंही खरें. ज्यांना यरुशलेमेंत शास्त्र तोंडपाठ होतें त्यांनीं हेरोद राजाला बेथलेहेम हें नांव अचूक सांगितलें, आणि तीनेक कोसांवरच्या त्या गांवीं स्वतः कोणी गेले नाहींत.

जे आपल्याला सोडून गेले त्यांच्याविषयीं दोन शब्द. आम्हीं त्यांना पुष्कळ वेळां हंसलों. कोणी म्हणे, मीं रडलों. आपण म्हटलें, नाटक. कोणी म्हणे, माझें दारूचें व्यसन सुटलें. आपण म्हटलें, बघूं किती दिवस. ज्याला आपल्या घरीं दोन वेळां "जा, नीज" असें सांगितलें जातें, तो तिसऱ्या वेळीं दुसऱ्याच्या दाराशीं जातो. त्यांची शिकवण जेथें चुकते तेथें ती चुकते असें स्पष्ट सांगावें. पण त्यांची हकीकत आधीं पुरी ऐकून घ्यावी.

शेवटीं समितीपुढें एक सूचना ठेवितों. येत्या मे महिन्यांत, पाऊस लागण्यापूर्वीं, वाडीवाडीच्या खुरसाशीं आपण लदीन म्हणतों. यंदा लदिनीच्या आधीं प्रत्येक खुरसाशीं शास्त्रांतला एक उतारा वाचावा. पहिल्या दिवशीं शमुवेलाचा तो तिसरा अध्याय घ्यावा, आणि तो वाडींतल्या लहान मुलानें वाचावा. जे आपल्याकडे येईनासे झाले आहेत त्यांनाही बोलावणें पाठवावें. आले तर मागच्या रांगेंत नव्हे, घरच्या माणसांसारखें पुढें बसवावें. वाचन संपल्यावर लगेच लदीन सुरू करूं नये. थोडा वेळ थांबावें. कोणाला कांहीं सांगावयाचें असेल तर त्यानें सांगावें, आणि म्हाताऱ्यांनीं ऐकावें.